मनाचे घड्याळ

रायपूर शहराचे आणि भारतीय प्रमाणवेळेचे नाते जवळचे आहे. ज्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून देशाची वेळ ठरते, ते या शहराच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर आहे. त्यामुळे तेथील सरासरी सूर्यकाळ आणि घड्याळातील वेळ यांत सुमारे साडेतीन मिनिटांचाच फरक पडतो. मुंबईत हाच फरक ३९ मिनिटांच्या आसपास आहे. १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही त्या शहराने आपली निराळी वेळ कित्येक वर्षे सोडली नव्हती. रायपुरास असा तंटा करण्याचे कारण नव्हते. परंतु सूर्य आणि घड्याळ यांचे जेथे इतके सख्य, तेथेही एक तिसरा काळ या दोघांशी फटकून वागतो. तो म्हणजे मनाला जाणवणारा काळ.

परीक्षेचे दिवस आले की समता कॉलनीतल्या कोणत्याही घरात त्याचा प्रत्यय यावा. मुलगा पुस्तक मिटून म्हणतो, “आई, तास झाला ना गं?” घड्याळात वीस मिनिटेच झालेली असतात. आईला वाटते, हा निव्वळ आळस. मुलाला वाटते, घड्याळच मंद चालते आहे. या वादात मुलगा खोटे बोलत नसतो, आणि घड्याळही चुकलेले नसते. मग चूक कोणाची?

प्रकाशासाठी डोळा आहे, ध्वनीसाठी कान आहे. काळासाठी मात्र शरीरात स्वतंत्र इंद्रिय नाही. तरीही माणसाला काळ जाणवतो, आणि बऱ्याच अंशी मोजताही येतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल फिरोर्ट यांनी १८६८ साली या जाणिवेवर एक ग्रंथ लिहिला. लहान कालखंड माणसाला आहेत त्याहून मोठे वाटतात आणि मोठे कालखंड लहान वाटतात, असे त्यांच्या प्रयोगांत दिसून आले. पुढे १९६२ साली मिशेल सिफ्र हे तरुण फ्रेंच संशोधक आल्प्स पर्वतातील एका गुहेत घड्याळावाचून सुमारे दोन महिने राहिले. १४ सप्टेंबर रोजी त्यांना मुदत संपल्याचे कळविण्यात आले, तेव्हा त्यांच्या हिशेबाने ऑगस्टची २० तारीख होती. त्यांचे शरीर मात्र झोपेजागेपणाचा क्रम बराचसा सांभाळून होते. शरीराचे दिवसरात्रीचे चक्र आणि मनाचा कालगणक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या साहसातून स्पष्ट झाले.

हा कालगणक चालतो कसा? मानसशास्त्रज्ञांनी सुचविलेली कल्पना जपमाळेच्या उपमेने समजावून घेता येईल. मेंदूत काही स्पंदने सतत चालू असतात. ती जणू माळेचे मणी. ते मोजण्याचे काम लक्षाकडे आहे. जप करणाऱ्याचे चित्त माळेवर असले तर एकही मणी सुटत नाही. चित्त दुसरीकडे गेले की मणी सरकतात, पण मोजदाद राहून जाते. ज्याला कंटाळा आला आहे, त्याचे सारे लक्ष ‘किती वेळ झाला’ याकडेच लागलेले असते. त्याचे सगळे मणी मोजले जातात आणि वेळ लांबते. जो कामात रंगला आहे, त्याच्या हिशेबातून मणी गळतात आणि वेळ भुर्रकन उडून जाते.

येथे आणखी एक गंमत आहे. काळ जात असताना जसा वाटतो, तसा तो मागाहून आठवताना वाटत नाही. फलाटावर गाडीची वाट पाहण्यात गेलेले तीन तास जाता जात नाहीत. परंतु वर्षाने त्यांची आठवण काढावी, तर हाती काहीच लागत नाही. उलट, नव्या गावी घालवलेला दिवस पाहता पाहता मावळतो, पण स्मरणात तो आठवड्याएवढा पसरतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली हा विरोध नोंदविला होता. जाणारा काळ लक्षाने मोजला जातो आणि गेलेला काळ स्मृतीने. म्हणूनच काळाची जाण आणि शिकणे यांचा संबंध निकटचा आहे.

मेंदूच्या अभ्यासाने या विचाराला आता भक्कम आधार मिळाला आहे. मेंदूच्या तळाशी पेशींचे काही पुंजके आहेत; त्यांचे कार्य डोपामाईन या द्रव्यावर अवलंबून असते. कंपवाताच्या रोग्यांत हे द्रव्य कमी पडते, आणि त्यांचे वेळेचे अंदाजही बिघडतात. ज्या मुलांना अतिचंचलतेमुळे लक्ष एकवटता येत नाही, त्यांना दिलेला कालावधी जसाच्या तसा पुन्हा मोजून दाखविणे इतर मुलांपेक्षा कठीण जाते, असेही आढळले आहे. अशा मुलाला ‘वेळेची किंमत नाही’ म्हणून बोल लावणे म्हणजे ज्याची नजर अधू आहे त्याला फळा वाचता येत नाही म्हणून रागावणे होय.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे जीवशास्त्र केंद्र बंगळुरास आहे. तेथे उपिंदर भल्ला आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात मननीय आहे. उंदराला आधी एक स्वर ऐकवायचा, आणि सुमारे पाव सेकंद थांबून त्याच्या डोळ्यावर हवेची हलकी फुंकर सोडायची. काही वेळाने उंदीर स्वर ऐकताच, फुंकर येण्याच्या सुमारास डोळा मिटू लागतो. स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातील पेशी त्या वेळी पाहिल्या, तेव्हा शिकलेल्या उंदरांत त्या एकामागून एक, ठराविक क्रमाने जाग्या होताना दिसल्या. दोन घटनांमधली मोकळी जागा मेंदूने या पेशींच्या रांगेने भरून काढली होती. ‘यानंतर ते’ हे शिकायचे, तर ‘किती वेळाने’ हेही शिकावे लागते.

मानवी जीवनात याचे सर्वांत सुंदर उदाहरण तालाचे आहे. विलंबित एकतालात एकेक मात्रा कित्येक सेकंदांची असते. एवढे अंतर नुसत्या अंदाजाने सांभाळणे कोणालाही अवघड. म्हणून तबलजी ती मोकळी जागा लहान लहान बोलांनी भरतो, आणि गायक मनात तिचे भाग पाडतो. त्यामुळेच बारा मात्रांचे आवर्तन संपवून दोघेही एकाच क्षणी समेवर येतात. काळाची जाण ही जन्मजात देणगी खरी, पण ती रियाझाने घडविता येते, हे आपल्या संगीताने शास्त्रज्ञांच्या फार पूर्वी ओळखले होते.

आता पुन्हा त्या पुस्तकाकडे वळावे. किती वेळ बसला, यावरून किती शिकला हे ठरत नाही. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून हे आकड्यांत मांडले. निरर्थक अक्षरांची एक माळ आदल्या एका दिवशी ६८ वेळा घोकून जो लाभ झाला, तोच तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवृत्तींनी झाला. एका बैठकीतल्या घोकंपट्टीने लांबलचक अभ्यास केल्याचे समाधान तेवढे मिळते. मधे दिवस टाकून केलेली उजळणी थोड्या वेळात अधिक खोल रुजते.

यावरून आईबापांनी घड्याळ फेकून द्यावे असे नव्हे. परंतु मुलाच्या अभ्यासाचे मोल केवळ तासांत करू नये. वीस मिनिटे ज्याला तासाएवढी वाटतात, त्याचे लक्ष पुस्तकावर नसून काट्यावर आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग प्रश्न आळसाचा राहत नाही, गोडी लावण्याचा होतो. मोठा धडा लहान भागांत वाटून द्यावा, मधे विसावा असू द्यावा, आज वाचलेले दोन दिवसांनी पुन्हा विचारावे. मूल विषयात रमले की काट्याकडे पाहायचे आपोआप विसरते; आणि ज्या घटकेची मोजदाद करायची राहिली, तीच पुढे त्याच्या स्मरणात सर्वांत जास्त जागा व्यापते.