जिभेची साक्ष आणि रक्ताचा जमाखर्च

मधुमेहाचे निदान झाले की घरातील पहिले फर्मान साखरेच्या डब्यावर सुटते. तो फडताळाच्या वरच्या फळीवर हद्दपार होतो, चहात गुळाचा खडा पडू लागतो आणि आपण रोगाचा बंदोबस्त केला अशा समाधानात कुटुंब निश्चिंत होते. परंतु जिभेला जे गोड लागते तेवढेच रक्तात साखर होऊन उतरते, ही मूळ समजूतच सदोष असल्यामुळे तीतून निपजलेल्या इतर समजुतींची झडती घेणे अगत्याचे ठरते.

गैरसमज : गूळ व मध नैसर्गिक, म्हणून निर्धोक.

वस्तुस्थिती : गूळ म्हणजे उसाचा आटवलेला रस, आणि त्याचा बहुतांश भाग शर्कराच असतो, त्यात लोहादी खनिजांचा अंश असतो हे खरे, पण चहापुरत्या खड्यात तो इतका अल्प असतो की त्याच्या मोबदल्यात रक्तशर्करेने काही सूट द्यावी, असे घडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली शर्करासेवनाची मर्यादा घालून दिली, तेव्हा मधातील शर्कराही त्या मोजदादीत धरली.

गैरसमज : भात वर्ज्य, भाकरी मात्र हवी तितकी.

वस्तुस्थिती : शंभर ग्रॅम तांदळात सुमारे 78 ग्रॅम कर्बोदके असतात, तर तेवढ्याच ज्वारीत सुमारे 68. ज्वारीत तंतुमय भाग तांदळाच्या तिपटीहून अधिक असल्याने तिचे पचन सावकाश होते, हा तिचा न्याय्य अधिकार; पण त्या अधिकारावर तीन भाकऱ्या रिचवणाऱ्याची शर्करा, पालेभाजी व वरणाच्या संगतीने एक मूद भात खाणाऱ्यापेक्षा अधिक चढू शकते. ताटातील भाजी, कोशिंबीर व उसळ आधी आणि भात किंवा भाकरी मागाहून, एवढा क्रम पाळला तरी जेवणानंतरची चढण सौम्य होते.

गैरसमज : उपवासाने साखर आपोआप आटोक्यात येते.

वस्तुस्थिती : साबुदाणा हे टॅपिओकाच्या कंदातून काढलेले जवळजवळ शुद्ध पिष्ट असून त्यात प्रथिने नाममात्र असतात, म्हणजे सकाळभर निरंकार राहून दुपारी बटाटा घातलेल्या खिचडीची ताटली संपवणारा एकादशीकर गोडाचा कणही न खाता रक्तात शर्करेची भरती आणतो. शेंगदाण्याचा कूट तिला थोडा आवर घालतो, एवढेच. उलटपक्षी, इन्शुलिन किंवा शर्करा उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाराने जेवण चुकवले तर शर्करा दर डेसिलिटर रक्तामागे 70 मिलिग्रॅमच्या खाली घसरून कंप, घाम व भ्रम उद्भवण्याचा धोका असतो. अशाने वैद्याच्या सल्ल्यावाचून उपवास करू नये.

गैरसमज : तपासणीपूर्वी दोन दिवस पथ्य पाळले की पुरे.

वस्तुस्थिती : उपाशीपोटी केलेली तपासणी ही सावकाराच्या रोजकीर्दीतल्या एका पानासारखी असते, एचबीए1सी ही मात्र खतावणी होय. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या शर्करेवरून मागील दोनतीन महिन्यांची सरासरी कळते. दोन दिवसांच्या संयमाने रोजकीर्दीचे एक पान नीटनेटके दिसेलही. पण खतावणीत गुळाचा चहा, तिसरी भाकरी आणि एकादशीची खिचडी या तिन्ही रकमा आधीच जमा झालेल्या असतात.