साडी गार्ड काढायचं नाही!

जुन्या मोटरसायकलींना सध्या भलताच भाव आलाय. त्यातही आरएक्स १०० म्हटलं की आमच्या शहाद्याची पोरं वेडी होतात. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी. ती बंद झाली तेव्हा यातल्या कित्येकांचा जन्मही झाला नव्हता!

आमच्याकडे आहे ती १९९२ ची, यांनी घेतलेली. नंबर एमएच १८, म्हणजे धुळ्याचा. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला, आपलं एमएच ३९ त्यानंतरचं. चिरंजीवांना तिची 'कॅफे रेसर' करायचीय. हँडल खाली, मडगार्ड छाटलेलं, सीट एकट्यापुरतं. यांचं म्हणणं, कंपनीतून आली तश्शीच ठेवायची, नटबोल्टसुद्धा मूळचा हवा. एका बाबतीत मात्र बापलेकाचं एकमत. साडी गार्ड काढायचं, 'लुक' बिघडतो म्हणे!

मैत्रिणींनो, इथे मात्र मी मध्ये पडले. मागच्या चाकावरची ती जाळी शोभेची नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून निदान अर्धं चाक झाकलेलं हवं. पदर चाकात गेला की काय होतं, ते पाहिलेली बाई प्रत्येक गावात भेटेल. गाडीचा आराखडा जपानी. तिकडे कोण नववारी नेसून एका बाजूला बसतंय? म्हणजे यांची 'ओरिजिनल' गाडी मुळातच आपल्या पदरासाठी बदललेली आहे!

तसंही आपल्याकडे गाडी मूळची राहते कुठे? दुधाच्या कॅनसाठी हूक, मिरचीच्या पोत्यासाठी कॅरिअर... गरज पडली की बदल होतो, त्याला कुणी 'कस्टमाइज' म्हणत नाही. पण मागे बसणारीची जागाच कापायची, ही कुठली गरज? शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल नोंदणी झालेल्या गाडीत चालत नाही.

यांनाही सांगितलं, अहो, जुना टायर म्हणजे वारसा नव्हे. रबर कडक होतं, रस्ता धरत नाही. तोरणमाळच्या घाटात मूळपणा काय कामाचा? टायर, ब्रेक शू, दिवे नवे घालायचे. बाकी सायलेन्सरसकट सगळं आहे तसं. 'व्हिंटेज' नोंदणीचा २०२१ चा नियम पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना आहे, आमची बसेल २०४२ मध्ये. तोवर ती चालवायचीच आहे.

टायर घालायला गॅरेजात मीही गेले. मागच्या बाजूला काढून टाकलेल्या साडी गार्डांचा ढीग! आमच्या भाचीच्या गाडीला गार्ड नाही आणि तिची ओढणी कायम वाऱ्यावर. मिस्त्रीला म्हटलं, "भाऊ, यातलं एखादं बसतंय का बघ." थोडं ठोकून-वाकवून बसलं. पन्नास रुपये घेतले.