उंदराची गिरकी थांबते तेव्हा

‘स्टेम सेलने उंदीर बरा झाला म्हणे, मग माणूस का नाही?’ मी कंपवातावरचे शोधनिबंध वाचतो हे कळल्यापासून ओळखीचे लोक हा प्रश्न हमखास विचारतात. मी डॉक्टर नाही. नोकरी सांभाळून, शब्दकोश शेजारी ठेवून केलेले वाचन एवढेच माझे भांडवल. त्या वाचनातून मला वाटते की, आधी दुसराच प्रश्न विचारायला हवा : उंदीर बरा झाला, म्हणजे नेमके काय झाले?

या उंदराला कंपवात आपसूक झालेला नसतो. तो घडवावा लागतो. माणसाच्या मध्यमेंदूत ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ नावाचा काळसर भाग असतो. तिथल्या चेतापेशी डोपामाइन हे रसायन तयार करतात आणि त्यावर हालचालींची लय अवलंबून असते. कंपवातात या पेशी वर्षानुवर्षे मरत जातात. बऱ्याचशा गेल्यावर हात थरथरू लागतो, पाऊल अडखळते. स्वीडनच्या उर्बान उंगरस्टेट यांनी १९६८ मध्ये ६-हायड्रॉक्सिडोपामाइन हे रसायन टोचून उंदराच्या मेंदूतल्या याच पेशी मारण्याची पद्धत दाखवली. ते एकाच बाजूला टोचले आणि नंतर अ‍ॅम्फेटामीन दिले, की शाबूत बाजूचे डोपामाइन उसळते, दोन बाजूंचा तोल जातो आणि उंदीर जखमी बाजूकडे गोल गोल फिरू लागतो. मिनिटाला किती गिरक्या, हे मोजायचे. पुढे उपचारांची फूटपट्टी म्हणून हीच चाचणी रुळली.

१९७९ मध्ये उंदराच्या भ्रूणातल्या डोपामाइन पेशी अशा मेंदूत रोवल्यावर गिरक्या कमी झाल्या. प्रौढ मेंदूतही नव्या पेशी रुजून काम करतात, हे दिसले. शोध मोठाच होता. पण भ्रूणांतून पेशी मिळवणार तरी किती? म्हणून लक्ष मूलपेशींकडे, म्हणजे स्टेम सेलकडे वळले. १९९८ मध्ये मानवी भ्रूणापासून मिळालेल्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने मूलपेशींसारख्या अवस्थेत परत नेले.

मूलपेशीचा गुण हाच तिचा धोका. ती कुठलीही पेशी होऊ शकते, म्हणजे नको ती पेशीही होऊ शकते. २००२ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगात २५ उंदरांच्या मेंदूत अशा पेशी घातल्या. १४ उंदरांत डोपामाइन पेशी तयार झाल्या, ६ उंदरांत रोपण टिकलेच नाही आणि ५ उंदीर गाठ वाढून मेले. म्हणून आज पेशी आधी पात्रात घडवून, पारखून मगच रोवतात.

दरम्यान माणसांवरचा अनुभवही हाती आला होता. २००१ मध्ये अमेरिकेत ४० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना भ्रूणपेशी दिल्या, निम्म्यांच्या कवटीला केवळ छिद्रे पाडली. एकंदर निकालात ठोस फरक दिसला नाही. पेशी मिळालेल्या काहींना तर पुढे औषध कमी करूनही अनावर हालचाली सुरू झाल्या. गिरक्या मोजून हे आधी कळले नव्हते.

याची कारणे समजण्यासारखी आहेत. उंदराची जखम एकदाच होते आणि थांबते. माणसाचा आजार चालूच राहतो. दशकाहून जुन्या रोपणातल्या काही पेशींतही कंपवाताच्या खुणा सापडल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदराचा मेंदू साधारण २ ग्रॅमचा, माणसाचा सुमारे १३०० ग्रॅमचा. शिवाय कंपवात झोप, गंध, पचन आणि स्मरणशक्तीलाही पोखरतो; उंदराची गिरकी त्यातले काहीच सांगत नाही.

तरी ही वाट सोडून द्यावी अशी नाही. क्योटोच्या जुन ताकाहाशी यांच्या गटाने मानवी पेशींपासून घडवलेल्या डोपामाइन पेशी माकडांत रोवून त्यांच्यावर दोन वर्षांपर्यंत लक्ष ठेवले. हालचाल सुधारली, गाठी झाल्या नाहीत, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरच माणसांवरची चाचणी सुरू झाली. २०२५ च्या अहवालानुसार ७ रुग्णांत गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. परिणाम तपासलेल्या ६ पैकी ४ जणांची हालचाल, औषधाचा अंमल नसताना, सुधारली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणजे पहिल्या उंदरापासून इथवर यायला चार दशकांहून अधिक काळ लागला, आणि अजून आपण उंबरठ्यावरच आहोत.

म्हणून ‘स्टेम सेलने कंपवात बरा करतो’ अशी जाहिरात दिसली, की मी रुग्णाच्या घरच्यांना तीन प्रश्न विचारायला सांगतो. ही नोंदणीकृत चाचणी आहे का? पेशी कुठल्या, आणि त्या कशा पारखल्या? पैसे कशाचे घेता? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक विकार वगळता, मंजूर चाचणीबाहेर रुग्णाला मूलपेशी देणे अनैतिक मानले जाते. घर गहाण टाकण्याआधी एवढे विचारायलाच हवे. आणि चालू असलेल्या गोळ्या, नेमाचा व्यायाम यांत खंड पडू देऊ नये. रुग्णाला आज चालते ठेवणारे उपाय तेच आहेत.