पाण्याचं लाईट बिल

एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी स्टेशनवर उभा होतो. १० वाघिणी, प्रत्येकीत ५०,००० लिटर पाणी. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. पाणी आलं याचा आनंद होताच. पण मी पाणीपुरवठ्यात हयात घालवलेला माणूस, त्यामुळे कृष्णाकाठचं पाणी साडेतीनशे किलोमीटर ओढून आणायला किती डिझेल जळालं असेल, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

त्याआधीच्या वर्षी, २०१५ मध्ये, आमच्या शेजारच्या परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. वीज नसेल तर पाणी चढत नाही आणि पाणी नसेल तर वीज तयार होत नाही. मराठवाड्यात हवामानबदलाचं कुठलंही बोलणं मला इथूनच सुरू करावंसं वाटतं.

निवृत्तीनंतर मी लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या नगरपंचायती, ग्रामपंचायतींना हवामान आराखडा करायला मदत करतो. राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केलं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर स्थानिक संस्थांना गुण मिळतात. बैठक बसली की पहिल्यांदा झाडांचाच विषय निघतो. झाडं लावावीतच. मी मात्र आधी बारा महिन्यांची लाईट बिलं मागवतो. पाणीपुरवठ्याचं वेगळं, पथदिव्यांचं वेगळं. कचऱ्याच्या गाड्यांचं आणि टँकरचं डिझेल किती, तेही. आमच्याकडच्या छोट्या गावांत पालिकेची निम्म्याहून जास्त वीज पंप खातो, असं मला बिलांत वारंवार दिसलं आहे.

हिशेब अवघड नाही, शाळेतल्या भौतिकशास्त्राइतकाच आहे. १,००० लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला, पंप-मोटारीत वाया जाणारी ऊर्जा धरून, साधारण ०.४३ युनिट वीज लागते. आपल्या ग्रिडची वीज मुख्यतः कोळशाची, म्हणून एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे हजार लिटरमागे ३०० ग्रॅम. गाव दिवसाला ५० लाख लिटर उचलत असेल तर रोज दीड टन. त्यातलं ४० टक्के पाणी वाटेतच गळत असेल, तर रोज ६०० किलो कार्बन डायऑक्साइड आपण कुणाचीही तहान न भागवता हवेत सोडतो.

आणि टँकर? एक लिटर डिझेल जळालं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. १०,००० लिटरच्या टँकरला एका खेपेत पाच लिटर डिझेल लागलं, तर हजार लिटरमागे १,३५० ग्रॅम. पंपाच्या चौपटीहून जास्त. हा आकडा फळ्यावर मांडला की बैठकीतली कुजबुज थांबते, कारण टँकरचं बिल भरताना होणारी दमछाक तिथल्या प्रत्येकाने अनुभवलेली असते.

मोठ्या शहरांचं काम निराळं. मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवलं. तिथे तज्ज्ञ संस्था सोबत होत्या. नांदेडचं नावही केंद्र सरकारच्या ‘सोलर सिटी’ योजनेत होतं. शहराची पारंपरिक ऊर्जेची अंदाजित मागणी पाच वर्षांत किमान १० टक्के कमी करायची, हे त्या योजनेचं उद्दिष्ट. त्यासाठी घरं, दुकानं, कारखाने आणि पालिका किती ऊर्जा वापरतात ते आधी मोजायचं. हा मोजण्याचा भाग मला फार मोलाचा वाटतो. खेड्यांतही ‘पोकरा’ या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पाने २०१८ पासून गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवलं. त्याच कागदाला विजेचा एक रकाना जोडला की निम्मा आराखडा तयार होतो.

निम्माच, कारण उरलेला निम्मा कागदावर सापडत नाही. मागच्या उन्हाळ्यात एका नगरपंचायतीत पंप ऑपरेटर मामांबरोबर ऊर्ध्ववाहिनीच्या, म्हणजे पाणी वर चढवणाऱ्या पाइपच्या, कडेने चालत गेलो. पाणी उचलतात त्या हेडवर्क्सवर मीटर जे दाखवत होता आणि जलकुंभात जे पडत होतं, त्यात मोठी तफावत होती. तिसऱ्या किलोमीटरवर एअर व्हॉल्व्हमधून पाण्याची चिळकांडी उडत होती. दोन बायका तिथे घागरी लावून बसल्या होत्या, आणि एक पोरगी कॅन धरून आपल्या नंबराची वाट पाहत होती.

मामा म्हणाले, “साहेब, ही गळती उद्या बंद करतो. पण वस्तीला दुसरं पाणी नाही.”

माझ्या वहीत ते पाणी ‘तोटा’ या रकान्यात गेलं होतं. तो रकाना मी खोडला. कार्बन वाचवायचा म्हणून त्या पोरीला आणखी दोन किलोमीटर चालायला लावणारा आराखडा मी कुणाला देणार नाही. आराखड्यात क्रम असा लिहिला: आधी वस्तीत स्टँडपोस्ट म्हणजे सार्वजनिक नळ, मग व्हॉल्व्हची दुरुस्ती, मग पंपाला नवा कपॅसिटर, आणि सगळ्यात शेवटी सोलर पॅनेल. नगराध्यक्षा ताईंना सोलर आधी हवं होतं. गळक्या नळाला सोलर लावून काय करायचं, यावर आम्ही तासभर बोललो आणि त्यांना ते पटलं.

आता मामा रोज सकाळी सहा वाजता दोन आकडे लिहितात, मीटरचा आणि टाकीच्या पातळीचा. वही शाळेची, चौकटीची आहे. मागच्या महिन्यापासून त्यांनी स्वतःहून तिसरा रकाना आखला आहे: वस्तीच्या नळाला पाणी किती वाजता आलं.