पडीक कोणाला म्हणावे?

समुद्राने अंडी गिळली म्हणून चोचीने समुद्र उपसावयास निघालेल्या टिटवीच्या जोडप्याची पंचतंत्रातील कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. पक्ष्यांचा आकांत गरुडाने विष्णूच्या कानी घातला, विष्णूने बाण रोखला आणि समुद्राला अंडी मुकाट्याने परत करावी लागली. आज टिटवीची अंडी समुद्र नेत नाही. ती यंत्राच्या लोखंडी दातांखाली जातात, आणि त्यांची दाद लावणारा गरुड कोठे दिसत नाही.

गोव्याचे आणि कोकणचे जांभ्या दगडाचे सडे ज्यांनी केवळ मोटारीतून पाहिले, त्यांना ते ओसाड वाटतात. उन्हाळ्यात काळवंडलेला कातळ, वाळलेले गवत, दूरवर एखादे झुडूप. परंतु याच कातळावर मार्च ते मे या महिन्यांत पिवळ्या गालाची टिटवी संसार मांडते. तिला काडीकाटक्यांचे घरटे लागत नाही. खळग्यात चार खडे सारखे केले की तिचे घर झाले. अंडी इतकी मातीच्या रंगाची की पायाशी असूनही दिसू नयेत. ऊन असह्य झाले की ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. चंडोल, लावा, रातवा हेही याच जमिनीचे रहिवासी. झाडावरील पक्ष्याचे झाड तुटले तर तो निदान दुसऱ्या झाडाचा आसरा शोधतो. भुईवर राहणाऱ्याला वरचा मजला नसतो.

घारीपासून आणि मुंगसापासून बचाव करण्यास अंड्याचा मातकट रंग पुरेसा होता. सड्यावर भरधाव सोडलेली वाहने, उकिरड्यांवर पोसलेली मोकाट कुत्री, वाळल्या गवताला लावलेली आग आणि चिरेखाण यांच्यापुढे तो निरुपयोगी आहे. माणसांच्या वर्दळीने पक्षी वारंवार उठला, तर उघडी अंडी उन्हाने वाया जातात. घरटे कोणी मोडावे लागत नाही.

याचा शेवट कसा होतो हे पाहावयाचे असेल तर घाट चढून सोलापूरकडे जावे. दख्खनच्या माळावरचा राजा माळढोक. तो भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा असा आग्रह डॉ. सालिम अली यांनी धरला होता. 1963 साली तो मान मोराला मिळाला. माळढोकासाठी 1979 साली नान्नजचे अभयारण्य झाले, आणि तरीही आज त्या माळावर त्याचे दर्शन दुर्मिळ झाले आहे. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ शेतीखाली गेला, उरल्यासुरल्या आकाशात विजेच्या तारा आल्या, आणि समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी त्यांवर आदळू लागला. मोकळ्या रानात आता दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असावेत, तेही बहुतेक राजस्थानात.

कोणी म्हणेल, मोरही जमिनीवरच अंडी घालतो आणि मोर तर वाढत आहेत. तांबड्या गालाची टिटवी शहरात गच्चीवरही अंडी घालते. हे खरे आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी 2023 साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यातही मोर वाढल्याची नोंद आहे. पण त्याच अहवालाने गवताळ माळावरच अवलंबून असलेल्या पक्ष्यांची घट गंभीर ठरविली आहे. माणसाच्या शेजाराशी जमवून घेणारे तगतात. ज्यांना माळच हवा, ते जातात. मोराकडे बोट दाखवून त्यांचा प्रश्न सुटत नाही.

आमच्या मते या ऱ्हासाचे मूळ एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'पडीक'. झुडुपी माळ आणि उघडा कातळ यांना सरकारी नकाशांतही पडीक जमिनीत गणले जाते. जे पडीक, ते फुकट. आणि जे फुकट, त्यावर कारखाना, वसाहत वा विमानतळ यांचा पहिला हक्क. पेडण्यातील मोपाच्या सड्यावर जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली. विमानतळाची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच्या पर्यावरण-मंजुरीला सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये स्थगिती देऊन फेरविचार करावयास लावला होता. ती जानेवारी 2020 मध्ये उठली. सड्याचा विचार आधी का होत नाही, हा प्रश्न त्यामुळे मिटलेला नाही. उघड्या सड्यावर अकेशियासारखी झाडे लावणे यालाही आपण पुण्यकर्म समजतो. माळावर जगणाऱ्या पक्ष्याला ती सावली म्हणजे हद्दपारीची नोटीस होय.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. कोणताही सडा प्रकल्पास देण्यापूर्वी विणीच्या महिन्यांत तेथील पक्ष्यांची पाहणी व्हावी. पावसाळ्यात केलेली पाहणी या कामी पुरेशी धरू नये. जैवविविधता कायदा 2002 साली झाला. त्याप्रमाणे गावोगावी जी लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते, तीत सड्यावरील पक्ष्यांची नोंद ग्रामस्थांनी स्वतः करावी. गुराख्याला आणि शेतकऱ्याला टिटवी कोठे ओरडते हे ठाऊक असते. त्याचे ज्ञान कागदावर आले तर त्या जमिनीला पडीक म्हणणे कोणाही अधिकाऱ्यास अवघड जाईल. एप्रिल-मे महिन्यांत सड्यावर वाहने नेणे आणि गवत पेटविणे हे तर आपणच थांबवू शकतो. त्याला कायद्याचीही गरज नाही.

कथेतील समुद्राला विष्णूचा धाक होता. आपल्याला धाक घालावयास कोणी येणार नाही. या कथेत समुद्राची भूमिका आपल्याकडे आली आहे. अंडी परत द्यावयाची की नाही, हे आपणच ठरवावयाचे आहे.