संग्रहालयातला मोजा आणि आईची पाने

विणकाम म्हटले की शिकल्यासवरल्या माणसांच्या चेहऱ्यावर एक कौतुकाचे हसू उमटते. "वेळ छान जातो, नाही?" असे विचारतात. गवयाला किंवा चित्रकाराला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. उत्तरपत्रिका तपासतानाही माझा वेळ जातोच. पण तो छान जातो असे म्हणणारा अजून भेटावयाचा आहे!

ते असो. रात्रीची निरवानिरव झाली की मी संगणकापुढे बसते आणि विणकामाची परदेशी नियतकालिके चाळते. त्यांत 'निटी' नावाचे एक आहे. २००२ साली कॅनडातून ते निघाले, तेच मुळी पडद्यावर वाचण्यासाठी, आणि नमुने सगळे फुकट. नमुन्याआधी तो रचणाऱ्याचे चार शब्द असतात. मला ते नमुन्याइतकेच वाचावेसे वाटतात, कारण कल्पना कुठून आली याचा धागा तिथे सापडतो. हा धागा धरून मी संग्रहालयांत जाऊन पोहोचले. म्हणजे घरबसल्याच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमने २०१७ साली आपल्या संग्रहातल्या पावणेचार लाखांवर वस्तूंची छायाचित्रे सर्वांना मुक्तपणे वापरावयास दिली. इतरही कित्येक संग्रहालयांची दारे अशीच उघडी आहेत. तिकीट नाही, गर्दी नाही, आणि पाय दुखत नाहीत.

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये एक लहान मुलाचा मोजा आहे. डाव्या पायाचा. सुमारे ३०० सालचा, इजिप्तमधल्या अँटिनूपोलिस या गावच्या उकिरड्यात सापडलेला. अंगठ्याला एक खण आणि उरलेल्या चार बोटांना दुसरा, म्हणजे सपातेचा पट्टा मधून जावा. हा दोन सुयांवर विणलेला नाही. एकाच सुईने फास गुंफीत केलेला आहे. २०१८ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या प्रकाशात त्याची छायाचित्रे घेतली. त्यावरून कळले की पट्ट्यांमध्ये सात छटांची लोकर आहे आणि त्या साऱ्या छटा तीनच वनस्पतींच्या रंगांतून काढलेल्या आहेत: एक तांबडा, एक निळा, एक पिवळा. दुकानात शंभर रंगांच्या गुंड्यांपुढे गोंधळून उभी राहणारी मी त्या दिवशी ओशाळले. मग तीनच रंग घेऊन भाचीसाठी पट्ट्यांची टोपी केली. ती मात्र साधली.

आणखी एक चित्र हँबुर्गच्या कुन्स्टहालेत आहे. माइस्टर बर्ट्राम या चित्रकाराने सुमारे १४०० साली केलेले. मेरी बसून विणते आहे, जवळ बाळ येशू पुस्तक उघडून लोळतो आहे, आणि समोर देवदूत आलेले आहेत. मी ते पडद्यावर मोठे करून आईला दाखविले. आईचे वय आता शहात्तर. देवदूतांकडे तिने पाहिलेही नाही. "चार सुया आहेत," ती म्हणाली. "अंग झालंय, बाह्या झाल्यात. गळा करतेय ती. मुलाचं डोकं जाईल ना, ते बघायला हवं." कलेच्या ग्रंथांत या चित्राविषयी पुष्कळ लिहिलेले असेल, पण त्या गळ्याची काळजी सहाशे वर्षांनी कोणी तरी केली याचे मला फार बरे वाटले.

आता थोडे व्यवहाराचे. चित्रातली किंवा नक्षीतली आकृती विणीत उतरवावयाची, तर चौकटीच्या कागदावर घेऊन चालत नाही. विणीचा टाका चौरस नसतो. तो उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो. माझ्या हातच्या विणीत दहा सेंटिमीटरांत वीस टाके बसतात आणि ओळी अठ्ठावीस. चौकटीवरचा गोल चंद्र स्वेटरवर भाकरी होऊन उतरतो! म्हणून पाच टाक्यांना सात ओळी हा हिशेब धरून कागद आधी आखून घ्यावा. आणि मागे फिरणारा दुसऱ्या रंगाचा धागा पाचसहा टाक्यांपलीकडे मोकळा ठेवू नये. मुलांची बोटे अडकतात.

हे सगळे पाहता पाहता एक गोष्ट मनाला लागून राहिली. इजिप्तच्या कोरड्या वाळूने एक मोजा सोळाशे वर्षे जपला. माझ्या आईने चाळीस वर्षे विणले आणि आज घरात तिच्या हातचे काही नाही. काही कोणाकोणाला दिले, काही उसवून त्याच लोकरीचे धाकट्याला केले, उरलेले कसरीने खाल्ले. तिची एक पानांची वीण होती, वेलीवर एकाआड एक पाने. शेजारणीकडून उचललेली आणि मग स्वतःच्या मनाने बदललेली. ती कुठल्याच पुस्तकात, कुठल्याच पडद्यावर मला सापडली नाही. कागदावर तिने कधी लिहिली नाही. आणि आता संधिवाताने बोटे आखडल्यामुळे ती सुया धरू शकत नाही.

म्हणून रविवारी दुपारी मी विणते आणि ती शेजारी बसते. तिला ओळी तोंडाने सांगता येत नाहीत. "सांगू काय? हातच जायचा पुढे," म्हणते. मी दोन ओळी विणून तुकडा तिच्या मांडीवर ठेवते. ती आंगठ्याने चाचपते आणि "इथे जाळी नव्हती" किंवा "हे पान फार जाड झालं" असे सांगते. मग उसवायचे. जमलेली ओळ मी लगेच चौकटीत भरते. पान सोळा ओळींचे होते एवढे तिला पक्के आठवते. दहा ओळी आता वहीत आहेत. अकरावीला पानाचे टोक वळू लागते. तिथे दोन टाके एकत्र घेताना ते डावीकडे कलते ठेवावयाचे की उजवीकडे, यावर आम्ही अडलो आहोत. मी दोन्ही तऱ्हांचे तुकडे विणून ठेवले आहेत. दिवाळीचा फराळ एकदा उरकला, की तिच्या मांडीवर ठेवीन.