दंतुर अळिंबे

छत्राच्या खालच्या बाजूस पातळ पडद्यांऐवजी (पटलांऐवजी) दातांसारख्या टोकदार, लोंबत्या वाढी असलेली कवके. बीजुके या दातांच्या पृष्ठभागावर तयार होतात. पूर्वी अशी बहुतेक कवके हिड्नेसी या एकाच कुलात घालीत. पुढे रेणवीय अभ्यासावरून ही रचना दूरचे नाते असलेल्या अनेक गटांत स्वतंत्रपणे उद्‌भवल्याचे दिसून आले. त्यामुळे केवळ दात पाहून जाती ठरविता येत नाही.

हिड्नम रेपँडम ही सर्वांत परिचित जाती होय. तिचे वर्णन लिनीअस यांनी १७५३ मध्ये केले. छत्र मांसल, फिकट पिवळट नारिंगी व वेड्यावाकड्या कडांचे असते. दांडा पुष्कळदा मध्यापासून सरकलेला असतो. दात सु. २–६ मिमी. लांब व ठिसूळ असून बोटाने घासल्यास गळून पडतात. दुखावलेला मगज नारिंगी-तपकिरी होतो. बीजुकांचा ठसा पांढरा असतो. वरून पाहता कँथरेलसशी घोटाळा होतो, पण छत्र उलटे करताच तो संपतो. तेथे दातांऐवजी बोथट घड्या दिसतात. कोवळे अळिंब खाद्य आहे; जून झालेले कडवट लागते. सार्कोडॉन इम्ब्रिकेटस या जातीचे छत्र खवलेदार व ठसा तपकिरी असतो. हेरिशियम एरिनेशियसला छत्रच नसते. ते झाडाच्या खोडावर पांढऱ्या दाढीसारखे लोंबते.

हिड्नम रेपँडम ओक, बीच किंवा सूचिपर्णी वृक्षांच्या मुळांशी सहजीवनात वाढते. अशी वने नसलेल्या कुंभार पिंपळगाव (ता. घनसावंगी, जि. जालना) परिसरासारख्या शेतीप्रधान भागात ते सापडल्यासारखे वाटले, तर प्रथम ओळखीविषयीच शंका घ्यावी. महाराष्ट्रात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी, आवडीने खाल्ली जाणारी अळिंबे (टर्मिटोमायसीज) दंतुर नसून पटलधारी आहेत. खरा धोका येथे आहे : गवतात उगवणारे क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस हे विषारी भूछत्रही पटलधारीच असते, व त्याची कोवळी पटले पांढरी असतात. ते खाल्ल्यास काही तासांत तीव्र उलट्या व जुलाब होतात. चांदीचा चमचा काळा पडणे, लसणाचा रंग बदलणे इ. घरगुती कसोट्यांना काहीही आधार नाही. ठसा मात्र उपयोगी पडतो. दांडा कापून छत्र पालथे कागदावर ठेवावे व रात्रभर वाटीने झाकावे. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असल्यास फिका ठसाही उमटलेला दिसतो. टर्मिटोमायसीजचा ठसा गुलाबीसर, तर क्लोरोफायलम मॉलिब्डायटीसचा हिरवट असतो. अन्य विषारी जातींचा ठसा पांढरा किंवा गुलाबीसरही असू शकतो. म्हणून हिरवा नसलेला ठसा म्हणजे खाण्यास परवाना नव्हे.